वणव्यावरचा गुलाबी पाऊस : त्यात आहे काय आणि तो जातो कुठे?

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यापैकी काहींना वाटलं होतं की तो आपल्यापासून फार लांबचा आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीची दृश्यं घराघरांत पोचली आणि सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, की ते विमानातून गुलाबी काय सोडतात? पॅलिसेड्स भागातल्या गाड्या, फुटपाथ, बागा, घरांची छपरं, सगळं गुलाबी झालं होतं. होळी खेळल्यासारखं. त्यामागोमाग दुसरा प्रश्न आला, की हे अंगावर पडलं तर काय, आणि पाऊस आल्यावर ते वाहून कुठे जाणार? आज या दुसऱ्या प्रश्नाकडे जास्त वेळ देऊ, पण पहिला नीट समजल्याशिवाय तिथे जाता येत नाही.

वणव्याविरुद्ध वापरली जाणारी रसायनं तीन जातीची असतात, आणि चर्चेत त्यांची फार सरमिसळ होते. पहिलं रिटार्डंट, म्हणजे आग अडवणारं द्रावण. टीव्हीवर दिसलं ते हे. दुसरा फेस, जो मुळात साबणासारखा असतो. तिसरं जेल. लहान मुलांच्या डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारी भुकटी असते ना, त्याच कुळातलं. फेस आणि जेल यांचं काम पाण्याला मदत करण्याचं. फेसामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, ते लाकडात मुरतं. जेलमुळे पाणी भिंतीवर, पानावर चिकटून राहतं. पण पाणी उडून गेलं की दोघांचंही काम संपलं. रिटार्डंटचं तसं नाही. त्यातलं पाणी वाळून गेल्यावरही ते काम करत राहतं, आणि म्हणूनच ते थेट ज्वाळांवर न टाकता आगीच्या पुढे, न जळलेल्या गवतावर आणि झुडपांवर पट्टा मारावा तसं टाकतात. बघणाऱ्याला वाटतं वैमानिकाचा नेम चुकला. नेम चुकलेला नसतो.

ते काम कसं करतं? अमेरिकेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रिटार्डंटमध्ये ढोबळमानाने ८५ टक्के पाणी असतं, १० टक्के खत आणि उरलेल्या ५ टक्क्यांत रंग, घट्ट करणारे पदार्थ आणि गंजरोधक. खत म्हणजे अक्षरशः खत, अमोनियम फॉस्फेट. आपल्याकडे शेतकऱ्याला डीएपी माहीत नाही असं होणार नाही. १८:४६ चं पोतं. तेच डायअमोनियम फॉस्फेट किंवा त्याचं भावंड मोनोअमोनियम फॉस्फेट. ते तापलं की त्यातून अमोनिया निघून जातो आणि फॉस्फोरिक आम्ल मागे उरतं. हे आम्ल गवताच्या, लाकडाच्या सेल्युलोजवर हल्ला करतं. एरवी सेल्युलोज तापलं की त्यातून पेट घेणारे वायू निघतात, आणि आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती या वायूंचीच असते. आम्ल असलं की सेल्युलोज वेगळ्या वाटेनं तुटतं, त्याचं पाणी आणि कोळसा होतो. कोळसा धुमसतो, पण त्याला भडका नसतो. आगीचं खाद्यच बदलून टाकायचं, अशी ही युक्ती आहे.

घट्ट करण्यासाठी काही प्रकारांत ग्वार गम वापरलेला आहे. आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. जगात गवारीचं सर्वात मोठं पीक राजस्थानात येतं, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या डोंगरावर पडणाऱ्या त्या गुलाबी पावसात थोडं राजस्थान असू शकतं. द्रावण पातळ असेल तर साठ-सत्तर मीटर उंचीवरून सोडल्यावर हवेतच त्याचे तुषार होऊन ते उडून जातं, म्हणून ते दाट लागतं. रंग आयर्न ऑक्साईडचा, म्हणजे गेरूचा, किंवा उन्हात हळूहळू उडून जाणारा असतो. तो फक्त वैमानिकाला आधीचा पट्टा कुठे संपला ते दिसावं म्हणून.

आता सुरक्षिततेकडे येऊ. इथे इतिहास फार बोलका आहे.

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विलोज गावात शेतावर औषध फवारणारं एक दोनपंखी विमान पाण्याची टाकी बसवून आगीवर नेलं गेलं. तिथून हवाई अग्निशमन सुरू झालं असं मानतात. नुसतं पाणी पुरत नाही हे लगेच लक्षात आलं, म्हणून पुढच्या काही वर्षांत बोरेटची लाट आली. विमानांना 'बोरेट बॉम्बर' हे नाव तेव्हाच पडलं, आणि बोरेट बंद झाल्यावरही जुन्या लोकांच्या तोंडी ते राहिलं. बोरेट आगीला अडवायचं, शंकाच नाही. पण बोरॉन जास्त झालं की जमिनीत काही उगवत नाही; तणनाशक म्हणून ते वापरलंच जात होतं. म्हणजे आग विझवून आपण जमीन नापीक करत होतो. मग बोरेट सोडून खतांकडे वळले. बरं वाटतं ऐकायला, विषाऐवजी खत.

खतातही एक गोष्ट दडलेली होती. विमानाच्या टाक्या गंजू नयेत म्हणून काही द्रावणांत सोडियम फेरोसायनाइड घालत. नावात सायनाइड असलं तरी तो पदार्थ स्वतः फारसा विषारी नाही, मिठाचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून खाण्याच्या मिठातही अगदी अल्प प्रमाणात तो घालतात. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी तो तुटतो आणि मोकळं सायनाइड सुटतं. बंद खोलीत, दिव्याखाली चाचणी केली तर मासे जगतात, बाहेर उन्हात तेच द्रावण मासे मारतं. हे प्रयोगांत दिसल्यावर अमेरिकन वन खात्यानं २००० च्या दशकात हा घटक असलेली द्रावणं घेणं बंद केलं. आमच्या मते या सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा धडा हाच. रसायन डब्यात कसं आहे हे पाहून भागत नाही, ते उन्हात, मातीत, ओढ्यात काय होतं ते पाहावं लागतं.

सायनाइड गेलं तरी अमोनिया उरतोच. मत्स्यशेती करणारे कुणी इथे असतील तर त्यांना हे सांगायला नको. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, विद्युतभारित, माशाला त्यामानानं कमी त्रासदायक. दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ रक्तात जातो. दोन्हींचं प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर मोकळा अमोनिया एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्का. सामू ८ झाला की ५ टक्क्यांच्या वर, आणि ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. तेच द्रावण, तेवढंच. एका ओढ्यात मासे तगतील, दुसऱ्यात मरतील. त्यामुळे 'हे रसायन सुरक्षित आहे का' या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर मागणाऱ्यांची आम्हाला थोडी गंमत वाटते. कुठल्या पाण्यात, हे आधी सांगा.

ऑगस्ट २००२ मध्ये ओरेगन राज्यातल्या फॉल नदीत असं झालं. विमानातलं रिटार्डंट चुकून नदीवर पडलं आणि वीस हजारांहून अधिक ट्राऊट मासे मेले. छोटी, स्वच्छ, थंड पाण्याची नदी. वाहतं पाणी असल्यामुळे विषाचा लोट काही वेळात पुढे निघून गेला, पण जाताना वाटेतलं सगळं घेऊन गेला.

या घटनेनंतर वन खात्यातल्याच आजी-माजी कर्मचाऱ्यांची एक संघटना कोर्टात गेली. बाहेरचे पर्यावरणवाले नव्हेत, आतले लोक, हे लक्षात घ्या. २००५ मध्ये मोंटानातले न्यायाधीश डोनाल्ड मोलॉय यांनी निकाल दिला की खात्यानं पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास न करता रिटार्डंट वापरून कायदा मोडला. मग वर्षानुवर्षं कागदपत्रं झाली, पुन्हा निकाल लागला, आणि २०११ मध्ये नवी पद्धत आली. नद्या, ओढे, तळी यांच्या दोन्ही बाजूंना ३०० फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर, पट्टा मोकळा सोडायचा. दुर्मीळ वनस्पती आणि प्राणी जिथे आहेत त्या जागा नकाशावर आखून ठेवायच्या. अपवाद एकच, माणसाचा जीव धोक्यात असेल तेव्हा.

कागदावर हे छान आहे. आता वैमानिकाच्या जागी बसून बघा. खाली धूर, डोंगराचा उतार, खालून-वरून वारा, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे आणि टाकीचं दार उघडायला क्षणभराचा अवकाश. ओढा झाडीखाली लपलेला. सरकारच्याच आकडेवारीनुसार २०१२ ते २०१९ या काळात ७ लाख ६० हजार गॅलनहून जास्त, म्हणजे साधारण २९ लाख लिटर रिटार्डंट थेट ओढ्यानाल्यांत पडलं. एकूण वापराशी तुलना केली तर हा हिस्सा फार लहान आहे. पण ट्राऊट माशाला टक्केवारी कळत नाही.

त्याच संघटनेनं २०२२ मध्ये पुन्हा दावा लावला, या वेळी स्वच्छ पाणी कायद्याखाली. मुद्दा सोपा होता. पाण्यात प्रदूषक सोडायला परवाना लागतो, मग तो विमानातून सोडला म्हणून सूट कशी? आणि इथे एक अशी गोष्ट घडली की हा प्रश्न काळा-पांढरा राहिलाच नाही. खटल्यात वन खात्याच्या बाजूनं पॅराडाइज गाव उभं राहिलं. कॅलिफोर्नियातलं हेच ते गाव, जे नोव्हेंबर २०१८ च्या कॅम्प फायरमध्ये जवळपास सगळंच्या सगळं जळालं. ८५ माणसं गेली. त्यांचं म्हणणं, रिटार्डंट बंद केलं तर पुढचं पॅराडाइज कुठलं? मे २०२३ मध्ये न्यायाधीश डेना क्रिस्टेन्सन यांनी निकाल दिला. वन खात्यानं कायदा मोडला आहे, परवाना घ्यावा लागेल. पण तोपर्यंत वापर थांबवायचा नाही, कारण थांबवला तर माणसांच्या जिवाला धोका आहे.

काही जणांना हा निकाल मधला, गुळमुळीत वाटला. आम्हाला तसं वाटत नाही. परवाना म्हणजे नुसता शिक्का नव्हे. किती पडलं, कुठे पडलं, पाण्यात काय आढळलं, हे मोजणं आणि जाहीर करणं त्यात आलं. मोजमाप सुरू झालं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुधारतात.

(श्रोत्यांमधून प्रश्न : पण ते खतच आहे ना? पाण्यात पडलं नाही, जमिनीवर पडलं, तर फायदाच नाही का?)

चांगला प्रश्न आहे. इथे आपण एक गणित करू, कागद-पेन्सिल नको, सोपं आहे. अमेरिकेत द्रावणाचा थर मोजतात तो दर १०० चौरस फुटांना किती गॅलन, या हिशेबानं. झुडपी रानात ४ गॅलन धरा. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १.६ लिटर. एकराला झालं साधारण ६,६०० लिटर. त्यात १० टक्के खत धरलं तर ६६० किलो. आपल्या ५० किलोच्या पोत्यांत? तेरा पोती. एकरी तेरा पोती डीएपी! आपला शेतकरी एकरी एखादं पोतं टाकतो, तेही किंमत बघून. कुणी शेजाऱ्यानं तेरा टाकली तर आपण त्याला वेड्यात काढू. तेव्हा 'खतच आहे' हे खरं असलं तरी अर्धंच.

इतक्या क्षारानं पहिल्यांदा पानं करपतात. नंतर, पाऊस झाला की, त्या पट्ट्यात गवत माजतं. पण कुठलं गवत? अमेरिकेच्या पश्चिमेतल्या मूळ वनस्पती गरीब जमिनीत काटकसरीनं जगायला शिकलेल्या आहेत. त्यांना एवढ्या मेजवानीचं काय करावं कळत नाही. मेजवानीचा फायदा घेतात ती बाहेरून आलेली चीटग्राससारखी वार्षिक गवतं. ती लवकर वाढतात, लवकर वाळतात आणि पुढच्या उन्हाळ्यात काडीसारखी पेटतात. म्हणजे आग विझवायला टाकलेलं खत काही जागी पुढच्या आगीचं सरपण वाढवू शकतं. त्यातला फॉस्फरस मातीला धरून बसतो, धूप झाली की गाळाबरोबर तळ्यात जातो, तिथे शेवाळ.

मग धातू. २०२४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारात मिळणारी चौदा अग्निशामक रसायनं तपासली आणि त्यांत क्रोमियम, कॅडमियम, व्हॅनेडियम असे जड धातू सापडले. त्यांचा अंदाज, २००९ ते २०२१ या काळात अमेरिकेत हवाई फवारणीतून किमान ३ लाख ८० हजार किलो विषारी धातू पर्यावरणात गेले. वर्तमानपत्रांनी मथळा केला, 'पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या हजारो पट'. इथे आम्ही जरा ब्रेक लावतो. तो आकडा मूळ उत्पादनातला आहे, आणि ते ग्लासात ओतून कुणी पीत नाही. जमिनीवर पसरल्यावर, ओढ्यात मिसळल्यावर किती उरतं हा वेगळा हिशेब. शिवाय उत्पादकांचं म्हणणं असं की दुकानात मिळणारं आणि विमानात भरलं जाणारं द्रावण एकच नव्हे. पण मथळा भडक होता म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. सायनाइड उन्हात तुटतं, अमोनिया वाहून जातो, कॅडमियम कुठेही जात नाही. त्याच डोंगरावर दर चार-पाच वर्षांनी आग लागणार असेल तर ते साचत जाणार. आणि हे धातू येतात कुठून? काही गंजरोधकातून, पण बराचसा भाग फॉस्फेटच्या खडकातूनच येत असणार, कारण त्या खडकात कॅडमियम निसर्गतःच असतं. म्हणजे आपल्या शेतातल्या डीएपीलाही हा प्रश्न विचारायला हवा. तो एक स्वतंत्र विषय आहे, आज सोडून देतो.

फेसाबद्दल थोडक्यात. लोकांना तो निरुपद्रवी वाटतो, कारण साबण. माशांच्या बाबतीत उलट आहे. कल्ल्यांवरच्या नाजूक पडद्याला साबण फार लवकर इजा करतो, आणि समान मात्रेत फेसाचं मूळ द्रव बहुतेक रिटार्डंटपेक्षा जास्त विषारी ठरतं. दिलासा इतकाच की तो पाण्यात अर्धा-एक टक्काच घालतात. आणि आणखी एक गोंधळ. ज्या 'कायमस्वरूपी' पीफास रसायनांबद्दल इतकं ऐकतो, ती विमानतळांवर आणि तेलाच्या आगींवर वापरल्या जाणाऱ्या फेसात असतात. रानातल्या लाकूड-गवताच्या आगीसाठीचा फेस वेगळा असतो, आणि त्यात ती सामान्यतः नसतात. दोन्ही पांढरे दिसतात, एवढंच साम्य.

(प्रश्न : मग यापेक्षा साधं पाणी, किंवा समुद्राचं पाणी का नाही वापरत?)

वापरतात की! लॉस एंजेलिसला समुद्रातूनच पाणी उचलणारी विमानं होती. त्यातल्या एकाला कुणाचा तरी हौशी ड्रोन धडकला आणि विमान काही दिवस जमिनीवर बसलं, हा वेगळाच वैताग. पण खारं पाणी विमान गंजवतं आणि तेच मीठ जमिनीत राहतं. शिवाय कोरड्या वाऱ्यात पाणी किती टिकणार? मीठासारख्याच दुसऱ्या एका क्षारावर, मॅग्नेशियम क्लोराईडवर आधारलेलं रिटार्डंटही आणून पाहिलं. माशांना कमी घातक, म्हणून आशा होती. पण ते वापरलेल्या विमानांच्या भागांत गंज आढळला आणि २०२४ च्या हंगामात ते घेतलं गेलं नाही. विमान सांभाळायला गंजरोधक घालावं तर विष वाढतं, विष कमी करावं तर विमान धोक्यात. बोरेटपासून आजपर्यंत हीच ओढाताण आहे.

(प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात आहे. अंगणात हे पडलं तर काय करायचं?)

हे नीट ऐका, कारण यातली एक चूक घरोघरी होऊ शकते. माणसाला मुख्य त्रास म्हणजे त्वचा, डोळे, घसा चुरचुरणं. साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवायचं, वाळू न देता, कारण गेरूचा डाग बसला की निघत नाही. ब्लीच मात्र अजिबात वापरायचं नाही. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन वायू होतो, तो फुप्फुसाला घातक. अंगणात त्याचं डबकं साचलं असेल तर कुत्र्या-मांजरांना त्यात तोंड घालू द्यायचं नाही. धुतलेलं पाणी ओढ्याकडे जाणाऱ्या गटारात सोडायचं नाही, मातीत जिरवायचं. आणि एक सांगू का? जळालेल्या घरांची राख त्या गुलाबी रंगापेक्षा कितीतरी जास्त भीतीची. त्यात शिसं, ॲस्बेस्टॉस, बॅटऱ्या, प्लास्टिक सगळं असतं. लोक गुलाबीला घाबरतात आणि करड्या राखेत अनवाणी फिरतात.

(प्रश्न : आपल्याकडे हे वापरतात का? नसेल तर डीएपी पाण्यात कालवून सह्याद्रीत जाळरेषांवर फवारलं तर?)

आपल्याकडे वणवा विझतो तो झाडांच्या ओल्या फांद्यांनी, जाळरेषांनी आणि अलीकडे पाठीवरच्या ब्लोअरनी. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादईच्या परिसरात आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली होती, ती पाणीच टाकत होती. डीएपीचा विचार तुमच्याच नव्हे, आमच्याही मनात आला होता. रसायनशास्त्र म्हणून तो चुकीचा नाही. पण आपले सडे डोळ्यांसमोर आणा. कासच्या कातळावर दवबिंदू आणि सीतेची आसवं का उगवतात? त्या मातीत नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच, म्हणून या वनस्पती किडे खाऊन भूक भागवतात. तिथे एकरी तेरा पोती टाकली तर एक-दोन पावसाळ्यांत तिथे नुसतं गवत दिसेल. उतारावर म्हणाल, तर जाळरेषेखालच्या झऱ्यावर खालची वाडी पाणी भरते. गावाच्या अगदी कडेला, घरांच्या आणि गोठ्यांच्या मागे, जिथे तसंही शेत आहे आणि खत पडतंच, तिथे एखादा अरुंद पट्टा करून पाहायला आमची हरकत नाही. मात्र गुरं त्या गवतावर सोडायची नाहीत, नायट्रेटची विषबाधा होऊ शकते. आणि फवारा मारून झाला की पंप त्याच दिवशी धुऊन ठेवा, नाहीतर पितळी नोझल महिन्याभरात हिरवा होईल.